विश्लेषण : सेंट मॉरिट्झचा बर्फ, बेलवाडीची माती… धावत्या घोड्याच्या पायाखालची जमीन एवढी महत्त्वाची का?

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की मोबाइलवर स्वित्झर्लंडमधले एक दृश्य हमखास फिरू लागते. चहूबाजूंनी पांढरे डोंगर, मधोमध गोठलेले तळे आणि त्या तळ्यावर लाल चेंडूमागे उधळलेले घोडे. कडेला तंबू, महागडे कोट, शॅम्पेनचे ग्लास. हा सेंट मॉरिट्झचा स्नो पोलो. पाच-सहा महिन्यांनी त्याच मोबाइलवर इंदापूर तालुक्यातील बेलवाडीचे दृश्य येते. गोल मैदान, हजारो भगव्या पताका आणि त्या गोलातून वाऱ्यासारखे सुटलेले दोन अश्व. पहिल्या दृश्यात पैसा आणि मिरवणे आहे, दुसऱ्यात भक्ती. दोहोंची तुलना करायचे तसे कारण नाही. मात्र एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. वेगात वळणारा घोडा कशाच्या आधारावर उभा राहतो आणि तो आधार सुटला तर काय होते?

बर्फावरचा पोलो म्हणजे काय?

पोलो हा मूळचा आपल्याकडचा खेळ. मणिपूरमध्ये ‘सगोल कांगजेई’ या नावाने तो खेळला जात असे. तिथून तो चहामळेवाल्या इंग्रजांनी उचलला आणि 1859 मध्ये आसाममधील सिलचर येथे पोलो क्लब सुरू झाला. या खेळातील एका डावाला इंग्रजीत ‘चकर’ म्हणतात, तो आपला ‘चक्कर’च. एक चक्कर साधारण सात मिनिटांची असते. त्यानंतर घोडा बदलतात, कारण इतक्या वेळात तो पुरता दमलेला असतो.

हिरवळीवरच्या पोलोचे मैदान 300 यार्ड लांब आणि 160 यार्ड रुंद, म्हणजे फुटबॉलची काही मैदाने सहज मावतील एवढे मोठे असते. बर्फावर एवढी जागा मिळत नाही, त्यामुळे मैदान आखूड होते. नेहमीचा पांढरा चेंडू बर्फात दिसणार नाही, म्हणून मोठा, हलका आणि भडक रंगाचा चेंडू वापरतात. सेंट मॉरिट्झला 1985 मध्ये गोठलेल्या तळ्यावर पहिल्यांदा अशी स्पर्धा झाली. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1800 मीटर उंचीवर आहे. स्पर्धेचा थाट मोठा असला तरी साध्या प्रेक्षकाला तिथे प्रवेश मोफत असतो. पैसे मोजावे लागतात ते व्हीआयपी तंबूसाठी.

बर्फावर घोडा घसरत कसा नाही?

घोड्याला नुसत्या बर्फावर पळवत नाहीत. तळ्याचे पाणी गोठून जाड थर तयार झाला की त्यावर पडलेला भुसभुशीत बर्फ यंत्रांनी दाबून बसवतात. घोड्याची टाप या दाबलेल्या थरात रुतते. नालांना खिळे बसवलेले असतात. टापेच्या पोकळीत बर्फाचा गोळा साचू नये म्हणून नालेखाली रबरी पट्टीही घालतात. तळ्याचा बर्फ पुरेसा जाड झाला की नाही हे आधी मोजले जाते आणि नसेल तर कार्यक्रम पुढे ढकलला किंवा रद्द केला जातो.

एवढी तयारी करूनही जमीन दगा देते. त्याच तळ्यावर 1907 पासून ‘व्हाइट टर्फ’ या नावाने घोड्यांच्या शर्यतीही होतात. 26 फेब्रुवारी 2017 रोजी तिथे शर्यत सुरू असताना एक घोडा अचानक कोसळला. बर्फातील भेगेतून पाणी वर आले होते आणि वरून पांढराशुभ्र दिसणारा पृष्ठभाग आतून खचला होता. ब्रिटिश जॉकी जॉर्ज बेकर गंभीर जखमी झाला. पुढच्या शर्यती थांबवण्यात आल्या. घोडा वाचला नाही. हजारो प्रेक्षकांसमोर हे घडले आणि त्यांच्यापैकी एकालाही आधी काही दिसले नव्हते.

ही गोष्ट बारामती-इंदापूरच्या वाचकाने लक्षात ठेवावी, कारण आपल्याकडचे मैदानही वरून सपाटच दिसते.

बेलवाडीत काय घडते?

जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सोहळ्याची परंपरा सुरू केली. पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करत पालखी बारामतीत येते. दुसऱ्या दिवशी काटेवाडीत परीट समाजाकडून धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. धनगरांचा कळप पालखीला धावत फेरी घालतो. हे दृश्य पाहून पहिल्यांदा येणारा माणूस हसतो आणि मग हात जोडतो.

रात्रीचा मुक्काम सणसरला. त्यानंतरच्या सकाळी बेलवाडीत या सोहळ्यातील पहिले गोल रिंगण होते. दुसरे इंदापूर शहरात आणि तिसरे नीरा नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यात गेल्यावर अकलूजला. पुढे माळीनगरला उभे रिंगण होते. ज्यांना हा फरक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर उभ्या रिंगणात वारकरी रस्त्यावर दोन रांगा करून उभे राहतात आणि अश्व मधल्या मोकळ्या पट्टीतून सरळ धावतात. गोल रिंगणात मध्यभागी पालखी असते, तिच्याभोवती दिंड्या, त्यांच्याबाहेर धावण्यासाठी मोकळी ठेवलेली गोल पट्टी आणि तिच्याही बाहेर प्रेक्षक.

धावण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी पताकाधारी फेऱ्या मारतात. मग डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या महिला, मग विणेकरी, टाळकरी, पखवाजवाले. सत्तरीची आजी डोक्यावर तुळस घेऊन पदर खोचून पळताना पाहिली की आजूबाजूचे तरुण आपोआप टाळ्या वाजवतात. सगळ्यात शेवटी येतात अश्व. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नसते, तो देवाचा अश्व. त्याच्यावर साक्षात तुकोबा बसले आहेत ही श्रद्धा. अश्वांची दौड संपते न संपते तोच लोक पट्टीवर धाव घेतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. मग हुतूतू, फुगडी, पावल्या, उड्यांचा खेळ.

पोलोच्या प्रत्येक घोड्यावर स्वार असतो, हातात लगाम असतो. देवाच्या अश्वाला लगाम खेचून थांबवणारे कोणी नाही. पुढच्या घोड्याच्या मागे जायचे, एवढेच त्याला शिकवलेले असते. गर्दीचा आवाज, उन्हात चमकणारे शेकडो मोबाइल आणि मध्येच पट्टीत आलेले एखादे पोर, या सगळ्याचा सामना तो आपल्या अकलेने करतो. तो दरवर्षी तो नीट करतो म्हणून त्यातला धोका कोणाला जाणवत नाही.

गोल धावताना घोड्यावर किती ताण येतो?

इथे शाळेतले थोडेसे भौतिकशास्त्र उपयोगी पडते. सरळ धावणाऱ्या घोड्याला जमिनीकडून पुढे ढकलणारा जोर लागतो. वळणाऱ्या घोड्याला त्याशिवाय आतल्या बाजूला खेचणारा जोरही लागतो. हा जोर कोणती दोरी देत नाही, टाप आणि माती यांच्यातील पकड देते. वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या, असे त्याचे साधे सूत्र आहे.

समजा, रिंगणाची त्रिज्या 30 मीटर आहे आणि 400 किलो वजनाचा घोडा ताशी 30 किलोमीटर वेगाने धावतो आहे. हिशेब केला तर त्याच्या वजनाच्या जवळपास पाव पट, म्हणजे सुमारे 95 किलो वजनाइतका जोर त्याला आडव्या दिशेने लागतो. हा जोर मिळावा म्हणूनच घोडा आतल्या बाजूला कलून धावतो. या उदाहरणात हा कल सुमारे 13 अंशांचा येतो. व्हिडीओ थांबवून पाहिला तर तो डोळ्यांनाही दिसतो.

आता वेग ताशी 40 किलोमीटर केला तर? वेग तिसऱ्या हिश्शाने वाढला, पण आडवा जोर 95 वरून 168 किलोच्या आसपास जातो. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, त्याचा हा परिणाम. आणि वेग तोच ठेवून त्रिज्या 30 ऐवजी 20 मीटर केली तर? जोर सुमारे 140 किलोपर्यंत चढतो.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. घोड्याने वेग किती ठेवावा हे स्वाराच्या हातात असते. त्रिज्या किती राहील हे बाहेर उभ्या असलेल्या गर्दीच्या हातात असते. चारी बाजूंनी लोक दोन-दोन पावले पुढे सरकले की आखलेला गोल आक्रसतो. आत दिंड्या आहेत, त्यांना मागे सरायला जागा नाही. मग पट्टी अरुंद होते, घोड्याला फाकून वळता येत नाही आणि मातीवरचा ताण वाढतो. व्हिडीओ जवळून यावा म्हणून पुढे वाकणाऱ्या माणसाला आपण भौतिकशास्त्राच्या सूत्रात ढवळाढवळ करत आहोत याची कल्पना नसते.

दुसरी बाबही याच सूत्रातून निघते. पकड सुटलेला घोडा आत पडत नाही. तो ज्या दिशेने चाललेला असतो त्याच सरळ रेषेत बाहेर जातो. बाहेर म्हणजे प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत.

माती की चिखल, हे कोण ठरवते?

पंचांग आणि मोसमी वारे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, त्यामुळे आषाढी एकादशी दरवर्षी अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. 2023 मध्ये ती 29 जूनला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि 2024 ची आषाढी 17 जुलैला गेली. 2025 मध्ये ती 6 जुलैला होती. बेलवाडीचे रिंगण आषाढीच्या साधारण आठवडाभर आधी येते. म्हणजे एखाद्या वर्षी ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तर एखाद्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. आपल्या पावसाच्या हिशेबात हे दोन वेगळे ऋतू झाले.

2023 मध्ये मोसमी पाऊस पुण्या-मुंबईत 25 जूनच्या सुमारास पोहोचला. तोवर बेलवाडीचे रिंगण उरकले होते. म्हणजे त्या वर्षी कोरड्या जमिनीवरची दौड. 2025 मध्ये उलटे झाले. पाऊस मे महिन्यातच आला आणि 25-26 मे रोजी बारामती, इंदापूर, दौंड भागाला त्याने अक्षरशः झोडपले. नीरा डावा कालवा फुटला, घरांत पाणी शिरले. जूनअखेर पालखी आली तेव्हा जमीन महिनाभर पाणी प्यायलेली होती.

हा सगळा पर्जन्यछायेचा प्रदेश. इथे पावसाची वाट पाहायची सवय आहे, चिखलाची नाही. पण धावणाऱ्या घोड्यासाठी सर्वांत वाईट चिखल कोणता, याचे उत्तर वाटते त्यापेक्षा वेगळे आहे. खोलवर ओली, मऊ जमीन घोड्याला दमवते, मात्र टाप रुतत असल्याने थोडीफार पकड मिळते. घातक असते ती खाली कडक आणि वरचा इंचभर थर ओला अशी जमीन. रोलरने घट्ट बसवलेल्या मैदानावर पहाटे एक सर येऊन गेली की नेमके हेच होते. काळी माती ओली झाली की चिकट आणि बुळबुळीत, सुकली की भेगाळलेली. त्या मानाने मुरूम बरा, त्यातून पाणी निचरते आणि टापेला खरखरीत पृष्ठभाग मिळतो. सेंट मॉरिट्झला बर्फाचे थर दाबून बसवतात, तसा इथे मुरमाचा थर आणि त्यावर थोडी भुसभुशीत माती हा साधा उपाय ठरतो. त्यासाठी यंत्रणा फार लागत नाही. काही दिवस आधी कोणीतरी फावड्याने दोन-चार ठिकाणी खणून खाली काय आहे ते पाहावे लागते.

या भागाचा स्वतःचा घोडा होता का?

होता, आणि आहे. भीमेच्या थडीचा म्हणून भीमथडी. जुन्या पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता आणि आजचे बारामती त्यातच येत असे. मराठ्यांच्या घोडदळात या तट्टांचे मोठे नाव होते. उंचीला कमी, पण काटक. मोजक्या चाऱ्यावर लांबचा पल्ला गाठणारा, कडक टापेचा. डोंगर-पठारावरच्या खडकाळ जमिनीला हेच जनावर मानवते.

घोडदळे संपली आणि या घोड्याचे दिवस फिरले. तो टिकला तो प्रामुख्याने धनगरांमुळे. मेंढ्यांमागे गावोगाव फिरताना बिऱ्हाड वाहून नेणारे तट्टू म्हणून त्यांनी तो जपला. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्या पळवणारा समाज तोच. गेल्या काही वर्षांत कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. देशातील नोंदणीकृत अश्वजातींत ती आठवी. आधीच्या सातांत मणिपुरी तट्टूही आहे, म्हणजे पोलोचा मूळ घोडा आणि बारामतीचा घोडा आता एकाच यादीत आले. नोंदीमुळे जात वाचतेच असे नाही, पण निदान ‘गावठी तट्टू’ म्हणून तिची बोळवण होणार नाही.

रिंगणातले मानाचे अश्व मात्र भीमथडीच असतात असे नाही. त्यांचा मान घराण्यांकडे असतो. तुकोबांच्या सोहळ्यात अकलूजच्या मोहिते पाटील घराण्याच्या अश्वाला मान आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यातील अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरकारांकडून येतात, तेही पायी, आणि मग आळंदीहून पंढरीची वाट धरतात. घोड्याचे खरे कष्ट रिंगणातल्या काही मिनिटांचे नसतात. ते या चालण्याचे असतात. 2018 मध्ये माउलींच्या सोहळ्यातील ‘हिरा’ या अश्वाचा पुणे मुक्कामी मृत्यू झाला होता, तेव्हा वारकऱ्यांनी घरचे माणूस गेल्यासारखा शोक केला.

नव्या पालखी महामार्गाने काय बदलले?

पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे 130 किलोमीटरचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, राष्ट्रीय महामार्ग 965 जी, बारामती आणि इंदापूरमधूनच जातो. 8 नोव्हेंबर 2021 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्या वेळी सुमारे 4400 कोटी रुपये खर्च सांगितला गेला. दोन्ही बाजूंनी वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट हे या रस्त्याचे वैशिष्ट्य.

चालणाऱ्यांची सोय झाली, हे खरे. वाहनांपासून अंतर राहते, हेही खरे. घोड्याच्या बाजूने पाहिले तर चित्र थोडे वेगळे आहे. लोखंडी नाल आणि डांबर-सिमेंटचा रस्ता यांचे जमत नाही. प्रत्येक पावलाचा हादरा थेट पायात जातो आणि ओल्या रस्त्यावर नाल घसरते. कडेची मातीची पट्टी हाच घोड्याचा रस्ता होता. तो जिथे उरला आहे तिथे स्वार आजही घोडा खाली उतरवतात.

दुसरा प्रश्न मैदानांचा. चौपदरी रस्त्यालगतची मोकळी जागा फार काळ मोकळी राहत नाही, हे कोणत्याही महामार्गावर दिसते. गोल रिंगणाला एकरांत मोजावी लागणारी सलग, सपाट जागा लागते आणि ती वर्षातून एकाच सकाळी लागते. उरलेले 364 दिवस ती ‘पडून आहे’ असे म्हणणारे कोणी ना कोणी भेटतेच. रस्त्याच्या आराखड्यात पायवाट आली, कारण तिची मागणी झाली. रिंगणाच्या जागाही तशाच आखून, नोंदवून ठेवाव्या लागतील. 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या आणि बेलवाडीचे मैदान दोन वर्षे सुने राहिले. ते साथीचे संकट होते, टळले. जागाच गेली तर तिसऱ्या वर्षी परत येणारे काही नसते.

पाहायला जायचे तर?

तारीख दरवर्षी देहू संस्थानच्या पालखी कार्यक्रमात जाहीर होते. सणसर मुक्कामानंतरची सकाळ, एवढे लक्षात ठेवले की पुरे. बेलवाडी बारामती-इंदापूर रस्त्यावर, सणसरच्या पुढे आहे. पालखी असताना या रस्त्यावरील वाहतूक वळवली जाते, त्यामुळे उजाडण्यापूर्वी पोहोचणे किंवा आदल्या रात्री जवळपास मुक्काम करणे बरे. तिकीट नाही, पास नाही. टोपी आणि पाण्याची बाटली सोबत असावी. लहान मुले असतील तर पहिल्या रांगेचा हट्ट सोडावा, खांद्यावर बसवलेले मूल मागूनही सगळे पाहते.

आखलेल्या रेषेच्या आत पाय टाकू नये आणि शेवटच्या फेरीनंतर दोन्ही अश्व धरले गेल्याशिवाय माती घ्यायला धावू नये. स्वयंसेवक हेच ओरडून सांगत असतात, पखवाजाच्या आवाजात ते ऐकू येत नाही.

दुपारपर्यंत पालखी लासुर्णे, अंथुर्णेमार्गे निमगाव केतकीकडे निघालेली असते. मैदानावर केळीची साले, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि एक मोठा गोल उरतो. त्या गोलात टापांचे ठसे शोधायला गेले तर फारसे सापडत नाहीत. तेवढी माती लोकांनी कागदाच्या पुड्यांत बांधून घरी नेलेली असते.